जुन्या गाडीला दुसऱ्या गाडीचा अल्टरनेटर

स्मरणिकेसाठी लेख द्या, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा आम्हां चौघांना प्रथम संकोच वाटला. या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्यांत प्राध्यापक आहेत, अधिकारी आहेत, परिचारिका आहेत. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते. आमचे आयुष्य गाडीच्या बॉनेटखाली डोके घालण्यात गेले. परंतु मंडळाचे म्हणणे असे पडले की, आठवणींचे लेख भरपूर आले आहेत, तुम्ही आपल्या कामातले काही समजावून सांगा. तेव्हा आमच्या गॅरेजवर जो प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो, तोच येथे घेतला आहे: "या गाडीला त्या गाडीचा अल्टरनेटर बसेल का?"

प्रश्न वरकरणी आमच्या धंद्यापुरता दिसतो. पण आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण काळी-पिवळी जीप चालवतात, आणि मुलांना भेटायला येणारे पालक त्याच जीपमधून येतात. गाडी वीस-पंचवीस वर्षांची झाली की तिचे मूळ भाग मिळेनासे होतात, किंवा मिळाले तरी गाडीच्या मोलाच्या मानाने महाग वाटतात. भंगारबाजारात दुसऱ्या गाडीचा चालू भाग थोडक्यात मिळतो. अशी अदलाबदल करणे गैर आहे, असे आमचे मत नाही. आम्ही ती शेकडो वेळा केली आहे. मात्र एकदा ती करताना संस्थेच्या नऊ मुलांचा जीव आमच्या हातून धोक्यात आला होता. तो प्रसंग पुढे येईलच. त्याआधी हे यंत्र काय करते, ते पाहू.

गाडीतील बॅटरी ही गाडी चालू करण्यापुरती असते. सेल्फ फिरला, इंजिन सुरू झाले की दिवे, हॉर्न, वायपर या सर्वांना वीज पुरवणे आणि बॅटरीची झालेली झीज भरून काढणे, हे काम अल्टरनेटरचे. इंजिनाच्या पुढच्या पुलीवरून आलेला पट्टा त्याला फिरवतो. मायकेल फॅरडे या पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या माणसाने १८३१ साली दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवले की तारेत विद्युत प्रवाह निर्माण होतो. शाळेत विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणून आपण जे पाठ केले, ते हेच. अल्टरनेटरच्या आत पंज्याच्या आकाराचा, तारेचे वेटोळे असलेला फिरता भाग असतो. त्याला दोन लहान कार्बनमधून तीन-चार अँपिअर एवढाच प्रवाह दिला जातो आणि तो चुंबक बनतो. त्याच्याभोवती स्थिर असलेल्या वेटोळ्यांत मोठा प्रवाह निर्माण होतो. हा प्रवाह प्रत्यावर्ती असतो, म्हणजे दिशा बदलत राहणारा. बॅटरीला मात्र एकाच दिशेचा, दिष्ट प्रवाह लागतो. म्हणून मागच्या बाजूस डायोडची प्लेट असते. ती प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देते.

अल्टरनेटर येण्यापूर्वी हे काम डायनमो करीत असे. त्यात मोठा प्रवाह फिरत्या भागातच तयार होई आणि तो कार्बनमधून बाहेर काढावा लागे. त्यामुळे कार्बन झिजत, ठिणग्या उडत, आणि इंजिन मंद चालू असताना डायनमो जवळपास काहीच देत नसे. सिलिकॉनचे डायोड स्वस्त व टिकाऊ झाल्यावर हे चित्र पालटले. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० सालच्या आपल्या व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर दिला आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला. आपल्याकडे जुन्या अ‍ॅम्बेसिडरवर पुष्कळ वर्षे डायनमोच येत असे. जाता जाता एक गंमत सांगावीशी वाटते. वसतिगृहातील आपल्या सायकलींना जो 'डायनमो' होता, तो खरे पाहता अल्टरनेटरच होय. त्यात चुंबक फिरते आणि वेटोळे स्थिर असते. नाव तेवढे जुने चिकटून राहिले. आजही ग्रामीण भागातले अनेक जुने मिस्त्री अल्टरनेटरला डायनमोच म्हणतात, म्हणून भाग मागवताना दोघे एकच गोष्ट बोलत आहेत ना, याची खात्री करून घ्यावी लागते.

आमची पहिली अदलाबदल एका अ‍ॅम्बेसिडरवर झाली. एका हितचिंतकाने ती संस्थेला भेट दिली होती. गाडी दणकट, पण रात्री चौकात थांबली की दिवे पणतीसारखे मिणमिणत. कारण सरळ होते. डायनमो साधारण बावीस अँपिअरचा, तोही इंजिन वेगात असताना. पुढचे दोन दिवे, मागचे दिवे, वायपर मिळून दहा-बारा अँपिअर सहज ओढतात. पावसाळ्यात हळूहळू गाडी चालवावी लागली की डायनमो देई त्याहून खर्च अधिक होई, उरलेला भार बॅटरीवर पडे आणि सकाळी गाडीला धक्का मारण्यासाठी आठवी-नववीची मुले बोलवावी लागत. मुलांना त्याची हौस होती, हे खरे. पण गृहपाल सरांना नव्हती.

आम्ही मारुतीचा अल्टरनेटर आणला. असा बदल करताना पहिली पाहणी गाडीच्या विजेची करावी लागते. व्यवस्था किती व्होल्टची आहे? बहुतेक मोटारी १२ व्होल्टच्या. परंतु दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप ६ व्होल्टची होती आणि कित्येक बस-ट्रक २४ व्होल्टचे असतात. भंगारबाजारात हे भाग एकाच ढिगात पडलेले असतात. दुसरे, गाडीच्या सांगाड्याला बॅटरीचे कोणते अग्र जोडलेले आहे? ब्रिटिश धाटणीच्या जुन्या गाड्यांत धन अग्र सांगाड्याला जोडण्याची पद्धत होती. डायनमो उलटसुलट दोन्ही रीतींनी जुळवून घेतो. अल्टरनेटरला उलटी बॅटरी जोडली की डायोड क्षणात जळतात. यात दुरुस्तीला वाव नाही. प्लेटच बदलावी लागते.

त्यानंतर लोखंडाचे काम. अल्टरनेटरचे पाय, त्यांच्या भोकांचा व्यास, ब्रॅकेटमधील अंतर हे जुळले नाही तर लेथवाल्याकडून बुश किंवा पट्टी करून घेता येते. पातळ वॉशरांची चळत रचून अंतर भरण्याची सवय मात्र वाईट. इंजिनाच्या थरथरीने वॉशर झिजतात, बोल्ट सैल होतो आणि अखेर अल्टरनेटरचा पायच तुटतो. तीन पुल्या एका रेषेत आल्या पाहिजेत. आम्ही इंजिनाच्या पुलीच्या तोंडावरून ताणलेला दोरा अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत नेऊन पाहतो. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही पट्टा कुरतडतो. पट्ट्याची रुंदी पुलीच्या खाचेशी जुळावी, कारण हा पट्टा बाजूंनी पकड घेतो, तळाने नव्हे. खाचेच्या तळाला टेकलेला पट्टा कितीही ताणला तरी घसरतोच. आणि ताण किती, तर दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबावा. त्याहून घट्ट केला तर अल्टरनेटरच्या आणि पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगवर विनाकारण भार येतो.

पुलीचा व्यास हा विषय लोक दुर्लक्षितात, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. इंजिनाची पुली १४० मिलिमीटर आणि अल्टरनेटरची ७० मिलिमीटर असेल, तर इंजिनाच्या एका फेऱ्यात अल्टरनेटर दोन फेरे घेतो. इंजिन मिनिटाला ७०० फेऱ्यांवर मंद चालू असेल तर अल्टरनेटर १४०० फेऱ्यांवर असतो. तेवढ्यावर बहुतेक अल्टरनेटर नुकते कोठे वीज देऊ लागतात. आता आम्ही काय केले? अ‍ॅम्बेसिडरचा पट्टा मारुतीच्या पुलीत बसेना, म्हणून डायनमोचीच मोठी पुली काढून अल्टरनेटरला चढवली. पट्टा छान बसला, पण गाडी मंद चालू असताना दिवे पूर्वीइतकेच मिणमिणते राहिले. नवा भाग लावून जुनाच रोग कायम. शेवटी योग्य रुंदीच्या खाचेची लहान पुली लेथवर करून घेतली, तेव्हा काम झाले. उलट चूकही घडू शकते. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांचे आणि पेट्रोल इंजिन जास्त फेऱ्यांचे. डिझेल गाडीवरील फारच लहान पुलीचा अल्टरनेटर पेट्रोल गाडीला लावला तर वरच्या वेगात तो आपल्या मर्यादेपलीकडे फिरतो.

विजेच्या जोडणीत सर्वांत फसवी वस्तू म्हणजे डॅशबोर्डवरील चार्जिंगचा लाल दिवा. तो केवळ सूचना देण्यासाठी असतो, असा बहुतेकांचा समज आहे. चावी फिरवल्यावर बॅटरीतून निघालेला अल्पसा प्रवाह त्या दिव्यातून अल्टरनेटरच्या 'डी प्लस' किंवा 'एल' अग्राकडे जातो आणि फिरत्या भागाला पहिले चुंबकत्व देतो. अल्टरनेटर वीज देऊ लागला की दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब येतो आणि दिवा विझतो. हा दोन-तीन वॅटचा दिवा गेला असेल, किंवा कोणी हौसेने त्या जागी एलईडी लावला असेल, तर पुष्कळ अल्टरनेटर जागेच होत नाहीत. अथवा इंजिन खूप वेगात नेल्यावर एकदाचे जागे होतात. आमच्याकडे अशा तक्रारीने आलेल्या गाड्यांतील अल्टरनेटर आम्ही पूर्वी खोलत बसत असू. आता प्रथम दिवा पाहतो.

डायनमोच्या गाडीत भिंतीवर कटआऊटचा डबा असतो. अल्टरनेटर बसवल्यावर तो जोडणीतून वगळावा लागतो, कारण बहुतेक अल्टरनेटरचा रेग्युलेटर त्याच्या पोटातच असतो. काही जुन्या अल्टरनेटरांचा रेग्युलेटर बाहेर वेगळा असतो. तो भाग घेताना रेग्युलेटरही सोबत घ्यावा.

"पंचेचाळीस अँपिअरचा लावला तर बॅटरी उडेल का?" असे लोक विचारतात. नाही. अल्टरनेटर प्रवाह ढकलत नाही. गाडीतील वस्तू जेवढा ओढतील तेवढाच तो देतो, आणि व्होल्टेज रेग्युलेटर आवरून धरतो. धोका तारेला असतो. डायनमोच्या काळातील तार समजा अडीच चौरस मिलिमीटरची आणि दोन मीटर लांब आहे. बॅटरी उतरलेली असताना त्यातून ४० अँपिअर गेले, तर तारेतच अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब वाया जातो आणि सुमारे बावीस वॅटची उष्णता त्या तारेत निर्माण होते. तार कापडी वेष्टणाची, तीस वर्षांची आणि इतर तारांच्या जुडग्यात बांधलेली असते, हे लक्षात घेतले म्हणजे भीती कळेल. दहा चौरस मिलिमीटरची तार घातली तर तोच अपव्यय चौथ्या भागाच्या आसपास येतो. शिवाय जुन्या गाड्यांत सगळा प्रवाह डॅशबोर्डवरील अँमीटरमधून फिरून येतो आणि त्याचा काटा तीस अँपिअरपर्यंतच असतो. मोठा अल्टरनेटर लावताना जाड तार थेट बॅटरीकडे न्यावी, तिच्यात बॅटरीजवळ योग्य फ्यूज असावा, आणि थिंबल नीट दाबलेले असावे. पूर्ण उतरलेली बॅटरी अल्टरनेटरकडून भरून घेण्याऐवजी रात्रभर बाहेर चार्ज करून आणावी, हे आमचे नेहमीचे सांगणे आहे.

अ‍ॅम्बेसिडर दुरुस्त झाली. मुलांना धक्का मारण्याचे काम उरले नाही, आणि संस्थेत आमचे फार कौतुक झाले. पुढचा अपघात त्या कौतुकातून घडला, असे आम्ही आज प्रांजळपणे म्हणतो.

संस्थेची दुसरी गाडी डिझेल जीप होती. मार्च महिना, दहावीच्या परीक्षा सुरू, केंद्र तालुक्याच्या गावी. आदल्या संध्याकाळी जीपचा अल्टरनेटर जळाला. तसाच अल्टरनेटर दोन दिवसांवाचून मिळणार नव्हता. आमच्याकडे मारुतीचा आणखी एक अल्टरनेटर होता आणि अ‍ॅम्बेसिडरचा अनुभव ताजा होता. जीपचा अल्टरनेटर काढला तेव्हा त्याच्या पाठीला डबीसारखा एक गोल भाग जोडलेला दिसला. त्यातून इंजिन ऑइलची एक बारीक नळी आत, एक जाड नळी बाहेर, आणि एक रबरी नळी मागे भिंतीकडे गेलेली. ऑइल गळू नये म्हणून दोन्ही तोंडे आम्ही बोल्ट व तांब्याचे वॉशर लावून पक्की बंद केली. रबरी नळी दुमडून तारेने बांधून ठेवली. आमच्यातील एक जण वायरमन, त्याला विजेचे कळत होते. दुसऱ्याला इंजिनाचे कळत होते. ती नळी दोघांच्या मध्ये पडली.

रात्री अकरा वाजता दिवे लखलखले. मीटरने पाहिले तर १४.१ व्होल्ट. पटांगणात एक फेरी मारली. ड्रायव्हर मामा म्हणाले, "पेडल जरा कठीण लागतंय." आम्ही म्हणालो, थंड आहे म्हणून असेल. मामांनी मान डोलावली. त्यांना सकाळी साडेसहाला निघायचे होते.

ती डबी म्हणजे निर्वात पंप होता. ब्रेकच्या पेडलापुढे जो मोठा गोल बूस्टर असतो, तो निर्वातावर चालतो. माणसाच्या पायाचा जोर तो कित्येक पटींनी वाढवतो. पेट्रोल गाडीत थ्रॉटलच्या झडपेमुळे इंजिनाच्या हवेच्या मार्गातच निर्वात तयार होतो आणि तो बूस्टरला फुकट मिळतो. डिझेल इंजिनात अशी झडप नसल्याने तो मिळत नाही. त्यासाठी वेगळा पंप लागतो. काही इंजिनांत हा पंप स्वतंत्र बसवलेला असतो. टाटा सुमोसारख्या पुष्कळ डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच दांड्यावर मागे बसवलेला असतो आणि इंजिनाच्या ऑइलवर वंगण घेतो. म्हणजे त्या जीपचा अल्टरनेटर दिव्यांबरोबर ब्रेकचेही काम करीत होता. आम्ही दिवे परत दिले आणि ब्रेक काढून घेतला.

घाट उतरताना तिसऱ्या वळणावर मामांच्या ते लक्षात आले. बूस्टर नसला तरी ब्रेक लागतात. पण एरवी जेवढ्या जोराने गाडी थांबते, त्याच्या कित्येक पट जोर पायाने द्यावा लागतो. गाडीत नऊ मुले आणि एक शिक्षक. मामांनी दोन्ही पायांनी पेडल दाबले, गिअर दुसऱ्यावरून पहिल्यावर आणला, हँडब्रेक ओढला आणि जीप डोंगराच्या बाजूच्या चरीत घालून थांबवली. कोणाला इजा झाली नाही. मागून आलेल्या एसटीने मुलांना केंद्रावर पोचवले, पेपरला दहा मिनिटे उरली होती. दुपारी मामा पायी गॅरेजवर आले. ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "दिवे झकास लावले रे पोरांनो. पण ब्रेक कुठं ठेवलात?"

त्या दिवशी गृहपाल सरांनी आम्हांला बसवून एक काम दिले. काढलेल्या अल्टरनेटरला किती तारा, किती नळ्या होत्या, प्रत्येक कोठून निघते आणि कोठे जाते, याचे चित्र काढून दाखवा. आम्हांला ते पूर्ण काढता आले नाही, कारण दोन नळ्यांचा शेवट आम्ही पाहिलाच नव्हता. तेव्हापासून आमच्या गॅरेजवर दोनशे पानी वही आहे. कोणताही भाग काढण्यापूर्वी त्याला जोडलेल्या प्रत्येक वस्तूचे चित्र व तिचे दुसरे टोक त्यात लिहिले जाते. अशा तीन वह्या भरल्या आहेत.

जीपला पुढे पंपासह अल्टरनेटर मिळाला, तोही जुनाच. जुना पंप घेताना काय पाहावे, हे वाचकांपैकी जीपवाल्यांनी ध्यानात ठेवावे. दांडा हाताने फिरवून पंपाच्या तोंडावर अंगठा ठेवला तर ओढ स्पष्ट जाणवली पाहिजे. पंपाच्या बाजूचे सील गळत असेल तर ऑइल अल्टरनेटरच्या पोटात शिरून कार्बन व वेटोळी खराब करते. मागची जाळी तेलकट दिसली तर तो भाग परत ठेवावा. अल्टरनेटर उलट दिशेने फिरला तरी वीज देईल, पंप मात्र ठरलेल्या दिशेनेच ओढतो. ऑइलच्या नळ्यांचे तांब्याचे वॉशर नवेच घालावेत. परतीची नळी कोठे दबलेली नाही ना, तेही पाहावे. ती दबली तर ऑइल पंपात साचते.

बूस्टर चालू आहे की नाही, हे पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, ते कठीण होते. मग पाय तसाच दाबून धरून इंजिन चालू करावे. पेडल पायाखाली किंचित खाली बसले पाहिजे. बसले नाही तर गाडी हलवू नये. अल्टरनेटर बदललेली कोणतीही डिझेल गाडी आमच्या गॅरेजमधून ही परीक्षा झाल्याशिवाय आता बाहेर जात नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

आणखी एका सवयीबद्दल लिहिलेच पाहिजे. अल्टरनेटर वीज देतो की नाही, हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची क्लिप काढण्याची रीत रस्त्यावरच्या बऱ्याच दुकानांत आहे. 'क्लिप काढली तरी गाडी बंद पडली नाही, म्हणजे डायनमो चांगला', असे म्हणतात. डायनमोच्या काळात ते कसेबसे खपून जाई. अल्टरनेटरमध्ये बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर उसळते आणि डायोड किंवा रेग्युलेटर जातो. चांगला अल्टरनेटर तपासण्याच्या नादात मेलेले आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. साधा मीटर आता महाग राहिलेला नाही. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू करून थोडा वेग दिला, दिवे लावले, की १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा असावा. त्याहून कमी असेल तर पट्टा, तार, सांगाड्याची जोडणी आणि मग अल्टरनेटर, या क्रमाने शोधावे. १४.८ च्या वर राहत असेल तर रेग्युलेटर गेला. बॅटरीचे पाणी आटू लागेल. आणि काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची सांगाड्याकडची क्लिप काढावी, इंजिन अर्थातच बंद ठेवून. अल्टरनेटरची जाड तार चावी बंद असतानाही बॅटरीला जोडलेलीच असते. तिच्यावरील नट सोडवताना पान्हा इंजिनाला टेकला, तर उडणारी ठिणगी विसरता येत नाही. आमच्यातील एकाच्या अंगठीखाली त्याची खूण आहे.

ती जीप काही वर्षांनी मोडीत निघाली. अ‍ॅम्बेसिडर अजून कोपऱ्यातील शेडमध्ये उभी आहे आणि तिचे दिवे लागतात. त्या रात्री जीपला लावलेला मारुतीचा अल्टरनेटर आम्ही मधोमध कापून, आतली वेटोळी, कार्बन व डायोड दिसतील असा फळीवर बसवून प्रयोगशाळेला दिला आहे. त्याची मागची बाजू सपाट आहे, तेथे पंप नाही; मुलांना पाहायला आणाल तेव्हा प्रथम ती बाजू दाखवा, असे आम्ही विज्ञानाच्या शिक्षकांना सांगून ठेवले आहे.